समुद्रसपाटीवरची हिमनदी

हिमनदी डोळ्यांनी पाहावी ही इच्छा आपल्याकडील अनेक ज्येष्ठांच्या मनात असते आणि बहुतेकांची ती मनातच राहते. गंगोत्रीपर्यंत वाहन जाते, पण गोमुख सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे आणि पुढची वाट पायी चढण्याची. हृदयविकार किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या व्यक्तीला त्या विरळ हवेत पाठवताना कोणताही डॉक्टर कचरतो. मीही कचरते, आजवर कित्येकांना मी स्पष्ट नकार दिला आहे. मात्र याच मंडळींपैकी ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांच्यासाठी एक निराळा मार्ग आहे. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर हिमनदी पाहण्यासाठी उंच चढावे लागत नाही. हिमनदीच डोंगर उतरून समुद्राजवळ येते. तिथल्या हवेत प्राणवायू मुंबईइतकाच असतो.

अडचण उंचीची नाही, अंतराची आहे. अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट. आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी ७ लाख ३३ हजार. १८६७ मध्ये अमेरिकेने हा प्रदेश रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतला, १९५९ मध्ये त्याला राज्याचा दर्जा मिळाला, पण आजही जुनो या त्याच्या राजधानीला बाहेरून एकही रस्ता जात नाही; जावे लागते ते बोटीने किंवा विमानाने. अशा प्रदेशात ‘पाच दिवसांत अलास्का’ ही कल्पनाच सोडून द्यावी. अलास्काचा एक कोपरा पाहावा. उत्तरेकडील डेनाली पर्वताचा मोह मुलांना हमखास होतो. तिथल्या उद्यानाचे प्रवेशद्वार अँकरेजहून रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटर दूर आहे आणि पर्वत ढगांआड असण्याचीच शक्यता अधिक. सोबत आई-वडील असतील तर मी त्यावर काट मारीन.

माझ्या मते योग्य कोपरा म्हणजे अँकरेज ते स्यूअर्ड हा पट्टा. सिएटलहून अँकरेजला विमानाने साडेतीन-चार तास लागतात आणि घड्याळ एकच तास मागे जाते, त्यामुळे इन्सुलिनच्या व गोळ्यांच्या वेळा फारशा बदलाव्या लागत नाहीत. परंतु भारतातून आल्याबरोबर तिसऱ्या दिवशी ही सहल आखू नये. झोपेचे आणि पोटाचे चक्र स्थिरावण्यास ज्येष्ठांना आठ-दहा दिवस सहज लागतात.

हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून पाऊस वाढतो, म्हणून जून किंवा जुलैचा पहिला पंधरवडा बरा. दिवसाचे तापमान साधारण १२ ते १८ अंश असते. महाबळेश्वरची आषाढातली हवा आठवावी. फक्त इथला वारा बर्फावरून आणि समुद्रावरून येतो. सुती बनियन घाम आणि पाऊस शोषून अंगाला गारवा देतो, म्हणून आत पातळ लोकरीचे वा कृत्रिम धाग्याचे वस्त्र, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट असावे. कानटोपीला लाजू नये. थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि लघवीही अधिक होते. यामुळे ज्यांना चालताना छातीत दुखते त्यांचे दुखणे गार वाऱ्यात लवकर डोके वर काढते.

जूनअखेरीस अँकरेजला सूर्य रात्री साडेअकराच्या पुढे मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आत उगवतो. तरुणांना याची मौज वाटते. ज्येष्ठांची झोप मात्र उडते, रात्रीची गोळी विसरते आणि विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीचा गोंधळ वाढू शकतो. खोलीला जाड पडदे आहेत का, हे आरक्षण करतानाच विचारावे, डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ ठेवावी आणि रात्रीच्या गोळीसाठी मोबाइलचा गजर लावावा. आजार बराच पुढे गेला असेल, अनोळखी खोलीत माणूस घाबरत असेल, तर ही सहल त्यांच्यासाठी नाही. हे मुलांनी मनाशी प्रामाणिकपणे ठरवावे.

पहिला दिवस अँकरेजमध्ये विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी टर्नअगेन आर्म या खाडीच्या काठाने दक्षिणेकडे निघावे. १७७८ मध्ये कॅप्टन कुक इथून वाट शोधत आला आणि त्याला पुन्हा मागे वळावे लागले, यावरून हे नाव पडले. इथल्या भरती-ओहोटीतील फरक ९ मीटर वा त्याहूनही अधिक असतो. ओहोटीला उघडा पडणारा करडा किनारा आपल्या चौपाटीसारखा दिसतो, पण तो हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचा गाळ आहे. त्यात पाय रुतला तर निघत नाही आणि भरती वेगाने येते. नातवंडांना घेऊन त्यावर उतरू नये. वाहनतळावरून पाहावे, जुलै-ऑगस्टमध्ये नशीब असेल तर पांढरे बेलुगा देवमासे तिथूनही दिसतात.

अँकरेजपासून सुमारे ८० किलोमीटरवर पोर्टेज सरोवर लागते. ज्येष्ठांसाठी ही मला सर्वांत सोयीची जागा वाटली. हंगामात इथे साधारण एका तासाची बोटफेरी असते. सरोवर असल्याने समुद्राच्या लाटा नाहीत, बोटीत बंदिस्त बैठक आहे आणि बोट हिमनदीच्या तोंडापाशी नेऊन उभी करते. बर्फ पांढरा नसतो, निळा असतो. दाबाने घट्ट झालेले बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते म्हणून तसे दिसते. काठावरचे अभ्यागत केंद्र १९८६ साली बांधले, तेव्हा तिथून हिमनदी समोर दिसत असे; आता ती इतकी मागे सरकली आहे की केंद्राच्या खिडकीतून दिसतच नाही.

तिसऱ्या दिवशी स्यूअर्डला मुक्काम हलवावा. अँकरेजपासून हे अंतर २०४ किलोमीटर. मोटारीने अडीच तास, आणि उन्हाळ्यात धावणाऱ्या रेल्वेने चार तासांहून थोडे अधिक. पाय पसरता येतात, उठून चालता येते आणि स्वच्छतागृह डब्यालगत असते, म्हणून वेळ जास्त लागूनही मी ज्येष्ठांना रेल्वे सुचवते. मोटारीने गेल्यास गर्डवुडला थांबून इंधन भरावे आणि सर्वांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे. पुढे सोयी विरळ होतात आणि मोबाइलची रेंजही मधूनमधून जाते.

स्वच्छतागृहाचा विषय आपल्याकडे कुजबुजत बोलला जातो, म्हणून इथे मुद्दाम मोठ्याने लिहिते. सहलीत ‘उगाच कुणाला थांबवायला नको’ म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्या आजीबाई मी दरवर्षी पाहते. परत येतात त्या मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन, कधी चक्कर येऊन पडून. थंड हवेत तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडले तर दुष्परिणाम लवकर होतात. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नये. बोटीच्या किंवा लांबच्या प्रवासाच्या दिवशी ती दुपारी घेतली तर चालेल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

स्यूअर्डजवळ केनाई फियोर्ड्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि नंतर समुद्राने भरलेली खोल खाडी. हार्डिंग हिमक्षेत्रातून इथे जवळजवळ ४० हिमनद्या उतरतात. त्यांपैकी एक्झिट हिमनदीपाशीच रस्ता जातो. सुरुवातीची सपाट वाट चाकांच्या खुर्चीलाही चालते. तिच्या टोकाला हिमनदी समोर, थोडी दूर दिसते. अधिक जवळ नेणारी वाट चढाची आहे, ती गुडघे आणि हृदय दोन्ही शाबूत असणाऱ्यांनीच धरावी. रस्त्याच्या कडेला आणि पायवाटेवर सालांच्या पाट्या लावल्या आहेत: त्या त्या वर्षी हिमनदी कुठवर होती हे दाखवणाऱ्या. माझे सासरे १९५० सालचे. अँजिओप्लास्टीनंतर त्यांचे गोमुख मीच रद्द केले होते. १९५१ च्या पाटीपाशी ते काठी टेकवून बराच वेळ उभे राहिले. ‘मी रांगत होतो तेव्हा ही इथे होती,’ एवढेच म्हणाले. तिथून पुढे, जिथे बर्फ होते तिथे, आता झाडे वाढली आहेत.

आता समुद्राचे. स्यूअर्डहून दोन प्रकारच्या बोटी सुटतात. अर्ध्या दिवसाची बोट रेझरेक्शन उपसागराच्या आडोशात फिरते. पाणमांजरे, पफिन पक्षी, पांढऱ्या डोक्याचे गरुड आणि कधी देवमासे दिसतात. पूर्ण दिवसाची बोट समुद्रात कोसळणाऱ्या हिमनद्यांपर्यंत जाते, पण त्यासाठी मोकळ्या समुद्रातून वळसा घ्यावा लागतो आणि तिथे बोट चांगलीच हलते. ओला डेक, अरुंद जिना आणि हलणारी बोट हे मांडीचे हाड मोडण्याचे ठरलेले साहित्य आहे. ज्यांचा तोल जातो किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी अर्ध्या दिवसातच समाधान मानावे.

बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट यांसारख्या गोळ्या किंवा कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी तरुणांना चालते. ज्येष्ठांमध्ये त्यांनी गुंगी व भ्रम येऊ शकतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढतो. जावयाने आपल्या खिशातील गोळी सासूबाईंना देऊ नये. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावे, क्षितिजाकडे पाहावे, हलके खाऊन निघावे. आल्याचा तुकडा बहुतेकांना सोसतो.

औषधांविषयी एक गोष्ट इथे फारच थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ मधुमेहासाठी ग्लिक्लाझाइड व विल्डाग्लिप्टिन किंवा हृदयासाठी निकोरँडिल, अमेरिकेत मिळतच नाहीत. काहींची नावे वेगळी आहेत: पॅरासिटामॉलला तिथे ऍसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. पिशवी हरवली तर तिथल्या डॉक्टरांना आपली गोळी लिहून देणे शक्य होणार नाही. म्हणून सर्व औषधांचे दोन संच दोन निरनिराळ्या हातपिशव्यांत ठेवावेत, सोबत मूळ नावांसह लिहिलेली चिठ्ठी आणि शेवटच्या ईसीजीची प्रत. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकू नये, हॉटेलच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकवू नये. साखर तपासण्यापूर्वी गारठलेली बोटे चोळून ऊबदार करावीत आणि यंत्र जाकिटाच्या आतील खिशात ठेवावे.

खाण्याची चिंता करू नये. भाजणी, मेतकूट, उपम्याचे कोरडे पीठ बरोबर न्यावे. छोटे स्वयंपाकघर असलेली खोली मिळतेच. मासे खाणाऱ्यांची तर चैन आहे, फक्त धुरावलेला सामन बराच खारट असतो. हृदयाची ताकद कमी असलेल्यांनी तो चवीपुरता खावा. सहलीत उघड्यावर खाणे मागे ठेवू नये, कारण हा अस्वलांचा प्रदेश आहे. मूस हे घोड्याएवढे मोठे हरीण गरीब दिसते, पण त्याच्याजवळ फोटोसाठी जाऊ नये.

काही वाचक विचारतील, मोठ्या जहाजाची सात दिवसांची सहल का नको? जहाजावर डॉक्टर असतो आणि सामान हलवावे लागत नाही, हे खरे. परंतु व्हँकुव्हरहून निघणारे किंवा वाटेत व्हिक्टोरियाला थांबणारे जहाज कॅनडात शिरते आणि भारतीय पासपोर्टधारकांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. तिकीट काढण्यापूर्वी हे पाहावे.

स्यूअर्डमध्ये लहान रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णाला अँकरेजला न्यावे लागते. अंतर किती ते वर सांगितलेच. विमा घेताना जुन्या आजारांचा खर्च आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचावे. नसेल तर सहल स्वस्त झाली असे समजू नये. आणि ज्येष्ठांनो, आपल्याला थेट सांगते: मुलांची रजा वाया जाईल, पैसे बुडतील, म्हणून छातीतील जडपणा, धाप किंवा रात्रीचा ताप दडवण्याची आपली सवय या प्रदेशात महाग पडते. पुण्यात दोन तास उशीर झाला तर रिक्षा मिळते. मुलांनीही ‘बरे आहे ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ येते. ‘काल रात्री किती वेळा उठलात? कालच्यापेक्षा आज दम जास्त लागतोय का?’ असे विचारावे.

चौथ्या दिवशी घरातील तरुण पूर्ण दिवसाच्या बोटीने जाऊ द्यावेत आणि एकाने मागे थांबावे. सर्वांनी सर्व काही एकत्रच पाहिले पाहिजे असा काही नियम नाही. स्यूअर्डमध्ये मागे राहणाऱ्यांचा दिवस रिकामा जात नाही. सकाळी १९९८ साली सुरू झालेले अलास्का सीलाइफ सेंटर पाहावे. तिथे जखमी सागरी प्राण्यांवर उपचारही होतात. दुपारी झोप काढावी. मग थर्मासमध्ये चहा भरून बंदरावरच्या बाकावर बसावे. मासेमारीच्या बोटी परततात, हॅलिबट मासे आकड्यांना टांगून तोलले जातात, आणि एखादे पाणमांजर धक्क्यालगत पाठीवर तरंगत पोटावर शिंपले फोडत असते. संध्याकाळी मुलांची बोट येईपर्यंत उजेड भरपूर असतो.