सहीच्या आधी

आमची अडतीस वर्षे महसूल खात्यात गेली. कर्नाटक शासनाच्या सेवेत, बेळगाव जिल्ह्यातील निरनिराळ्या तालुक्यांत, कारकुनापासून तहसीलदारपदापर्यंत आम्ही चढलो आणि २०२० साली निवृत्त झालो. या काळात किती कागदांवर लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले याची मोजदाद नाही. वारसाची नोंद, जमिनीची वाटणी, भूसंपादनाची संमती, प्रतिज्ञापत्र. ‘इथे सही करा’ म्हणायचे, बोटाने जागा दाखवायची आणि पुढच्या माणसाला हाक मारायची. कागद कन्नडात, समोरचा शेतकरी बहुधा मराठी. वाचून दाखवणे हे कर्तव्य होते, पण वेळ नसे; आणि खोटे कशाला बोलावे, पुष्कळदा इच्छाही नसे. या सवयीचा हिशेब आमच्याच घरात द्यावा लागेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणत, निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षे दिवाणजी होते. २०२१ च्या दिवाळीनंतर त्यांची पाठ दुखू लागली. वय बहात्तर, सारा जन्म गादीवर मांडी घालून हिशेब लिहिण्यात गेलेला. तेव्हा पाठ दुखणारच, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. एका डॉक्टरांनी पट्टा दिला, दुसऱ्यांनी शेक सांगितला. यात तीन महिने गेले. अण्णांना जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठवर आलेले, मूत्रपिंडांचे काम मंदावलेले. बेळगावच्या एका तरुण डॉक्टरांनी रक्तातील प्रथिनांची आणि मग अस्थिमज्जेची तपासणी करवली. निदान झाले मल्टिपल मायलोमाचे.

हे नाव आम्ही तेव्हा प्रथमच ऐकले. हाडांच्या आतील मज्जेत रक्ताच्या पेशी तयार होतात. तेथील प्लाझ्मा पेशींचे काम रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे बनवण्याचे. त्यांतील एखाद्या पेशीची संतती बेसुमार वाढली, तर ती एकाच साच्याचे निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडत राहते. मज्जेत इतर पेशींना जागा उरत नाही म्हणून रक्त कमी होते, हाडे पोखरली जातात, मूत्रपिंडे तुंबतात. निपाणीत भेटायला येणारा प्रत्येक जण तंबाखूला बोल लावून जाई. वास्तविक या रोगाचा तंबाखूशी तसा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. पण गावाला कारण लागते, आणि आमच्या गावाला ते शोधायला लांब जावे लागत नाही.

पुतण्या मुंबईत नोकरीला असल्याने आम्ही अण्णांना तिकडे नेले. निपाणीहून कोल्हापूर आणि तेथून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, ही वाट आमच्या भागातील रुग्णांच्या पायाखालची आहे. तेथील डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितला. बोर्टेझोमिब हे पोटाच्या कातडीखाली द्यायचे इंजेक्शन, लेनॅलिडोमाइडच्या कॅप्सूल आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या, अशी तीन औषधांची जोडणी. हा रोग समूळ जाणे कठीण, पण दबून राहतो, असे ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी दुसरी गोष्ट काढली. या तीन औषधांत एक नवे चौथे औषध घालून अधिक गुण येतो का, याची चाचणी चालू होती. अण्णा तीत बसत होते. भाग घ्यायचा की नाही हे त्यांनी ठरवायचे.

एका बाईंनी जाडजूड कागद आणून दिला. पत्ता कर्नाटकातला पाहून त्यांनी आवर्जून कन्नड प्रत काढली होती! मुंबईत बसून आम्हांला कन्नड प्रत मिळावी, या योगायोगावर त्या दिवसांतही आम्हांला हसू आले. आम्हांला कन्नड वाचता येते, त्यावर तर आमची भाकरी झाली. पण अण्णांना येत नव्हते. मराठी प्रत मागितली, ती मिळाली. बावीस पाने होती. आम्ही सवयीने शेवटचे पान उलटले, सहीची जागा पाहिली आणि पेन काढून अण्णांपुढे धरले.

अण्णा पेनाकडे पाहत राहिले. म्हणाले, “इतकी वर्षं लोकांचे अंगठे घेतलेस. आता मला तरी वाचून दाखव की रे.”

त्या वाक्याने आम्ही जागच्या जागी शरमलो. कागद घरी नेता येतो, घाई नाही, असे डॉक्टरांनीही सांगितले. पुतण्याच्या खोलीत दोन रात्री आम्ही तो मोठ्याने वाचला.

वहिनींचा विरोध होता. “ह्यांच्यावर प्रयोग करणार व्हय? आमचा माणूस काय उंदीर हाय?” त्यांची भीती निराधार नव्हती. आपल्या देशात अशा चाचण्यांत अजाण माणसांना ओढल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१३ साली नियम कडक करावे लागले. पुढे २०१९ मध्ये नवी औषधे व चाचण्यांचे स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई द्यावी लागते. देखरेखीच्या नैतिकता समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. हे सारे त्या बावीस पानांत होते. केव्हाही बाहेर पडता येईल आणि त्याने पुढच्या उपचारात खंड पडणार नाही, हे वाक्य अण्णांनी दोनदा वाचायला लावले.

त्या रात्री पुतण्याने एक हकीकत सांगितली. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्याने हजारो मुले अपंग जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घेण्यात आले. पुढे अमेरिकेत एका मायलोमाच्या रुग्णाच्या पत्नीने शोध घेत डॉक्टरांना ते वापरून पाहण्याची गळ घातली. तिच्या पतीला उपयोग झाला नाही. तो १९९८ मध्ये वारला. पण त्याच्यामागून ज्यांना ते दिले त्यांतील काहींना गुण आला. १९९९ साली सीमा सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. इतर उपाय थकलेल्या या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत रोग मागे हटला होता. अण्णांना मिळणार असलेले लेनॅलिडोमाइड हे त्याच थॅलिडोमाइडच्या वंशातले. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेच म्हणाल्या, “त्या बाईचा नवरा गेलाच की.”

आम्हांला मात्र आपल्याच जिल्ह्याची आठवण झाली. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने ग्रामीण भागात बाळंतपणातील रक्तस्रावावर एक चाचणी केली होती. १६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. देणाऱ्या गावोगावच्या नर्सबाई. कोणाला काय मिळाले हे बाळंतिणीला ठाऊक नाही, नर्सलाही नाही. मोजमापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत रक्त गोळा करून मोजले जाई. गोळीने अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा निकाल छापला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ते औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातले. त्याच काळात आम्ही याच जिल्ह्यात सात-बाराचे उतारे देत फिरत होतो. आज दूर देशीची एखादी बाळंतीण ज्या गोळीने वाचते, तिच्या पुराव्यात आमच्या खेड्यांतील बायकांचा वाटा आहे, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

तिसऱ्या दिवशी अण्णांनी सही केली. प्रत्येक पानावर, सावकाश, वखारीच्या खतावणीवर करीत तशी.

कोणाला चौथे औषध द्यायचे ते संगणक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवणार होता. अण्णांच्या वाट्याला जुनी तीनच औषधे आली. आमची निराशा झाली, ती आम्ही लपवूही शकलो नाही. एवढे वाचले, एवढे समजावले, आणि शेवटी जे एरवी मिळणार होते तेच! अण्णांनीच आमची समजूत घातली. “अरे, वखारीत माल तोलताना एका पारड्यात माल घालतात, दुसऱ्यात वजनं. वजनाचं पारडं नसेल तर माल किती भरला हे कळणार कसं? मी वजनाच्या पारड्यात बसलोय, एवढंच.”

पहिली दोन वर्षे बरी गेली. पाठ राहिली, हिमोग्लोबिन अकरावर आले, अण्णा पुन्हा संध्याकाळी बाजारपेठेत फिरून येऊ लागले. पायांच्या बोटांना मुंग्या येत, डेक्सामेथासोन घेतलेल्या रात्री झोप नसे. तेव्हा ते जुनी वर्तमानपत्रे वाचत बसत. २०२४ च्या जूनमध्ये इम्रोझ नावाच्या अशाच एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. अण्णांच्या चाचणीहून ती वेगळी. पण तीतही हीच तीन औषधे होती आणि इसाटुक्सिमॅब हे चौथे. ४४६ रुग्ण, चार औषधांचे २६५, तीन औषधांचे १८१. पाच वर्षांनी रोग न बळावता जगणाऱ्यांचे अंदाजित प्रमाण चार औषधांच्या गटात शेकडा ६३, तीन औषधांच्या गटात ४५. आम्ही हे अण्णांना वाचून दाखवले आणि वाचताना जड गेले, कारण ते दुसऱ्या गटासारख्या गटात होते. त्यांनी ऐकून घेतले. विचारले, “ते एकशेएक्याऐंशी नसते तर?” आम्ही म्हणालो, “तर त्रेसष्ट आकडा चांगला की वाईट, हे कळलेच नसते.” त्यांनी मान हलवली.

त्या पावसाळ्यात रोग उलटला. २०२५ च्या जानेवारीत अण्णा गेले. चौथे औषध मिळते तर ते आणखी जगले असते का, हा प्रश्न वहिनी आम्हांला विचारतात. आम्ही उत्तर देत नाही. ते कोणीच देऊ शकणार नाही. एका माणसाचे उत्तर चाचणीतून निघत नसते, शेकडोंचे निघते.

आता बेळगावात कोणी आमच्याकडे संमतीचा कागद घेऊन येतो. रुग्णालयाचा असो, बँकेचा असो वा कचेरीचा, मराठीत असो वा कन्नडात, आम्ही चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचून दाखवतो. औषधाच्या चाचणीचा असेल तर चार प्रश्न विचारायला सांगतो: भाग घेतला नाही तर कोणता उपचार मिळेल? नव्या औषधाचे कोणते त्रास आजवर दिसले आहेत? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? उत्तरे पटली तर सही करावी, न पटली तर निःसंकोच कागद परत द्यावा. दोन्ही गोष्टी मानाच्याच आहेत.

वाचायला तासभर लागतो. अडतीस वर्षांत ज्यांच्यासाठी तो तास आम्ही काढला नाही, त्यांतील बरेचजण आज हयात नाहीत. अण्णांची प्रत, बावीस पानांची, आमच्या कपाटात आहे.