जिनिंगचा भोंगा

"जगात जर्मनी, भारतात परभणी!" ही म्हण ऐकून तुम्ही हसला असाल. पण दोस्तांनो, आज याच परभणीला एक चक्कर मारू या. बघायचंय काय? कापूस!

आधी एक गंमत करा. जुन्या उशीतला मूठभर कापूस सैल करून डब्यात भरा. डबा लगेच भरला ना? आता तो दाबा. तेवढ्याच डब्यात आणखी किती मावला! परभणीच्या पहिल्या कारखान्यांचं गुपित यातच आहे.

शेतातल्या कापसात सरकी असते, म्हणजे कापसाचं बी. पूर्वी बाया घरी चरकीवर ती काढत. दिवसभर खपावं तेव्हा थोडीशी रुई हाती येई. मग जिनिंगची यंत्रं आली. त्यांत चामड्याचा रूळ तंतू ओढून घेतो आणि पोलादी पट्टी सरकी अडवते. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं आणि पेंड गुरांना जाते. वाया काही नाही!

त्या काळी परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. 1900च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे इथून धावू लागली. रूळ मात्र मीटरगेज, म्हणजे अरुंद. मुंबईकडे जाणारा माल मनमाडला उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागे. आता सांगा, सैल कापूस असा कोण चढवणार-उतरवणार? म्हणून 'प्रेस'मध्ये रुई दाबून घट्ट गाठी बांधत. परभणी, सेलू, मानवत ही कापसाची गावं झाली ती अशी. दिवाळीनंतर बैलगाड्यांच्या रांगा लागत, भोंगा वाजे आणि त्यावर गावाचं घड्याळ चाले.

हे काम सोपं नव्हतं बरं! तंतूंची धूळ नाकातोंडात जाई. गाठी इथून जात आणि दूरच्या गिरण्यांतून कापड होऊन परत येत. पिकवणारे आणि राबणारे इथले, पण कापडाचा नफा मात्र दुसरीकडेच!

1918 साली परभणीत शेतीच्या प्रयोगांसाठी सरकारी प्रक्षेत्र सुरू झालं. इथल्या काळ्या मातीत मुरलेला, कमी पावसातही तग धरणारा गावरान कापूस तेव्हा घरोघरचा होता. 1972 मध्ये इथं कृषी विद्यापीठ झालं. त्याच्या मेहबूब बाग केंद्रात देशी कापसावर संशोधन झालं. शेतांत मात्र 2002 नंतर बीटी कापूस आला आणि गावरान मागे पडला.

जिनिंग आजही चालतात. रेल्वेही आता रुंद रुळांवरून धावते. पण भोंग्यावर उठणारी, गाठी वाहणारी माणसं म्हातारी झाली आहेत. राजांची नावं पुस्तकात सापडतात, यांची कोण लिहिणार?

म्हणून सुट्टीत एक काम करा. वही घ्या, आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, "तुमच्या वेळी कापूस वेचायला, जिनिंगला कोण कोण जायचं? मजुरी किती मिळायची?" ते सांगतील तसं उतरवून घ्या. तुमच्या गावचा इतिहास तुमच्याच अक्षरात लिहिला जाईल.

कराल ना एवढं?