मोहाला घाई असते

मोहाची बी साठवून ठेवता येत नाही. नागलीचं, वरईचं, वालाचं बियाणं राख लावून मडक्यात घातलं, तोंड बांधलं, की पुढच्या पावसापर्यंत निर्धास्त राहावं. डोंगरापलीकडे अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे यांनी अशा घरच्या गावरान वाणांची बँकच उभी केली आणि त्यासाठी त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. मोहाची बी तिथेही टिकायची नाही. ती वाळली की मरते. फळातून निघाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत मातीत गेली तर तिचं झाड होतं, नाहीतर तेल.

थंड मुलखातल्या ओकची बी अशीच असते. कुमाऊँ-गढवालचा बांजही ओकच. त्याचं टोपीवालं फळ सुकलं की आतला जीव संपतो, म्हणून ओक लावणारे लोक शरद ऋतूत फळं पडल्या पडल्या ती मातीत घालतात किंवा हिवाळाभर ओल्या वाळूत, गारव्यात राखतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात 2008 साली बियाण्यांचं जगातलं सर्वांत मोठं कोठार सुरू झालं. तिथे उणे 18 अंशांवर जगभरचं धान्य निजलेलं आहे. ओकला त्या कोठारात जागा नाही, आंब्या-फणसाला नाही, मोहालाही नाही. या झाडांना जपायचं तर एकच मार्ग उरतो, ती लावत राहायची.

आमच्या साखरशेत गावात आणि पुढे जव्हार-मोखाड्याच्या सगळ्या पट्ट्यात मोह पुष्कळ आहे, पण नीट बघितलं तर सगळा म्हातारा आहे. कवेत न मावणारे बुंधे, वरून वाळलेल्या फांद्या, ढोलीत पोपट. मनगटाएवढ्या खोडाचा मोह शोधायला निघालं तर दुपार जाते. हे लक्षात आल्यापासून मला उतारावरून चालताना चैन पडत नाही. वाडीत कलमी आंबा आणि काजू हौसेने लावणारी माणसं मोह लावताना मी पाहिली नव्हती. शेजारच्या आजींना विचारलं, तर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. ‘मोह कोन लावतं, बाई? तो असतोच.’

आजींचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं खरं होतं. मोह लावायचं काम वटवाघळं करत. रात्री पिकलेला दोडा, म्हणजे मोहाचं फळ, तोंडात धरून ती दुसऱ्या झाडावर जातात, गर खातात आणि बी खाली टाकतात. पावसाची पहिली झड येते, तेव्हा नेमके दोडे पिकण्याचेच दिवस असतात. बी ओल्या पाचोळ्यात पडते आणि रुजते. वटवाघळं आजही येतात, बिया आजही पडतात. पुढचं मात्र अडतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्याच दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे असतात, त्यांची आग कधी बांध ओलांडते. जूनमध्ये दोडे वेचून बिया फोडतात, कारण तेल हवं. भात-नागली निघाली की गुरं मोकळी सुटतात. बोटभर रोपाने यातून किती उन्हाळे काढावेत? यात कुणी वाईट वागत नाही. फुलं वेचणाऱ्या बाईला पहाटेच्या अंधारात साफ जमीन लागते, आणि त्या फुलांवर, तेलावर तिच्या घराची वर्षाची गरज भागते. पण सगळ्यांच्या या रास्त कामांतून मोहाचं लेकरू तेवढं वाचत नाही.

म्हणून मी मोह घरी रुजवायला लागले. हे काम अवघड नाही, फक्त वेळेवर करावं लागतं. दोडा हिरवा असतो तोवर त्याची भाजी होते. बियांसाठी तो पिवळसर, मऊ होऊन आपण होऊन पडलेला हवा. बोटाने दाबला की गर निघतो आणि आतून तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत बी हातात येते. कुठे एकच, कुठे दोन, कधी तीन-चार. चिकूच्या बीशी तिचं नातं लगेच ओळखू येतं, आणि ते आहेच. मोह, चिकू, खिरणी ही सगळी एकाच कुळातली. खाली डहाणू-घोलवडचा जो चिकू मुंबईला जातो, त्याचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. बी धुवायची, उन्हात अजिबात ठेवायची नाही, आणि त्याच दिवशी आडवी, जेमतेम झाकेल इतक्या मातीत घालायची. माती जंगलातली, थोडं शेणखत, पाणी निचरणारी.

पुढे पंधरवडाभर वर काही दिसत नाही. एकदा कडेच्या बीवरची माती मी हलक्या हाताने बाजूला केली. टरफल टोकाशी उकललं होतं आणि त्यातून पांढरं, जाडसर मूळ सरळ खाली उतरलं होतं. वर अजून पानाचा पत्ता नव्हता. ओकही हेच करतो, बीची दोन्ही दलं मातीतच ठेवून आधी मूळ खोल घालतो. मोहाचा कोंब त्यानंतर येतो आणि त्याची पहिली पानं तांब्याच्या रंगाची, लवदार असतात. चुकून एखादं पान तुटलं तर देठाशी पांढरा चीक येतो. एवढ्याशा जिवातही तो असतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मूळ असं धावत असल्यामुळे पिशवी हा मोठा प्रश्न आहे. आखूड पिशवीत सोटमूळ तळाला टेकतं आणि गोल फिरत बसतं. असं रोप जमिनीत लावलं तरी त्याला खोल जायची वाट सापडत नाही, आणि इथल्या मुरमात फेब्रुवारीनंतर वरच्या थरात ओल कुठली? चार महिने इतका पाऊस, की कौलांवर शेवाळ धरतं, आणि होळीनंतर हंडे घेऊन उतरावं लागतं. अशा जागी झाड जगतं ते मुळावर. म्हणून लांब पिशवी घ्यावी आणि रोप त्याच पावसात हलवावं. माझं तर आता असं मत झालंय की शक्य असेल तिथे बी थेट कायमच्या जागीच घालावी आणि भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण करावं. पहिली काही वर्षं झाड वर फारसं वाढत नाही. बघणाऱ्याला वाटतं, खुंटलं. ते खाली वाढत असतं.

फुलं यायला दहा वर्षं तरी लागतात, भरभरून यायला त्याहून पुष्कळ जास्त. या हिशेबामुळेच मोह मागे पडतो, असं लोक म्हणतात. मला आणखी एक कारण दिसतं. या झाडाकडे सरकारने फार काळ फक्त दारूच्या नजरेने पाहिलं. 1892 साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा वेगळा कायदा केला आणि घरात फुलं बाळगणं हाच संशयाचा विषय झाला. जव्हार तेव्हा मुकण्यांचं संस्थान होतं, पण चहूबाजूंनी ठाणे जिल्हाच होता. फुलं वाळवून त्यांची भाकरी करणाऱ्या, ती उकडून मुलांना देणाऱ्या माणसांना आपल्याच झाडाबद्दल दबकून बोलायची सवय लागली. 2021 मध्ये राज्य सरकारने फुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं उठवली. ज्या झाडाची फुलं घरात ठेवायला भीती वाटते, ते झाड माणूस दारात कशाला लावेल? ती भीती सुटत असेल तर आता लावायची वेळ आहे.

आजी सुरुवातीला माझ्या पिशव्यांकडे बघून हसायच्या. मग एके दिवशी त्यांनीच विचारलं, ‘याची फुलं कोन वेचंल?’ प्रश्न रास्त होता. इथे जमीन कुणाचीही असो, मोहाचं कोणतं झाड कोणत्या घराने वेचायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि त्यावरून भांडणंही होतात. नव्या झाडाला असा वेचणारा नसतो. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी दोन दिवस घेतले आणि आपल्या धाकट्या नातीचं नाव सांगितलं. ते रोप आता त्यांच्या बांधावर आहे, आणि उन्हाळ्यात त्याच्याभोवतीचा पाला झाडून दूर नेतात, जाळत नाहीत.

यंदा दोडे उतरायला लागले की बिया फोडायला बसण्याआधी प्रत्येक घराने मूठभर बाजूला काढायच्या, असं आजींनी पाड्यावर सांगून ठेवलंय. जागेचं मात्र अजून ठरलेलं नाही. ओहळाच्या कडेला ओल आहे, पण तिथून गुरांची वाट जाते. वरच्या माळावर गुरं कमी, तर माती वीतभर. आजींचा कल ओहळाकडे आहे. कुंपणाला काटे कुणी आणायचे, यावर बोलणं अडलंय.