विरळणी



मराठीतील 'अवकाश' हा शब्द मला फार आवडतो. 'परळीकडची गाडी यायला अजून अवकाश आहे,' असे आमच्या घाटनांदूरच्या फलाटावर कोणी म्हणतो, तेव्हा तो वेळेविषयी बोलत असतो. आणि फलाटाच्या छपराबाहेर जे मोकळे आभाळ दिसते, तेही अवकाशच. वेळ आणि जागा यांना एकच शब्द देणाऱ्या भाषेत आपण वाढलो, तरी 'सवड नाही' हे वाक्य आपल्या तोंडी दिवसातून कितीदा येते! तुम्ही नोकरी, शेती, दुकान किंवा घरसंसार सांभाळून हे पुस्तक उघडले आहे. त्यासाठी दिवसाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून अर्धा-पाऊण तास ओढून काढला असेल. तो अर्धा तास कोठून येतो आणि कोणाकडे जातो, याविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील, परळी वैजनाथ ते लातूर रोड या लोहमार्गावरचे गाव. येथे जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे शिकवले. खेड्यात 'गुरुजी' हे केवळ पद नसते. लिहिता-वाचता येणारा, विश्वासाचा आणि शक्यतो फुकट उपलब्ध असणारा माणूस, असा त्याचा अर्थ. पीकविम्याचा अर्ज, बँकेचे पत्र, सातबाऱ्यावरील नावाची दुरुस्ती, लग्नपत्रिकेचा मजकूर, सत्काराचे सूत्रसंचालन, सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब, दोन भावांतील बांधाची तक्रार, सारे शेवटी गुरुजींच्या ओसरीवर येते. यातले काही फुटकळ असते, सारेच नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेला माणूस मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा कागद वाचून घ्यायला येतो, तेव्हा त्या कागदावरील एका शून्यावर त्याचा सहा महिन्यांचा घाम अवलंबून असतो. त्याला 'उद्या ये' म्हणणे शक्यच नसते. उद्या तो गावात नसतो.

म्हणूनच मर्यादा घालण्याचा प्रश्न आपण समजतो तितका सोपा नाही. निरुपयोगी कामांना नकार देण्यासाठी फार धैर्य लागत नाही. अडचण असते ती चांगल्या कामांची. शिक्षकांपुरते बोलायचे, तर २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने कलम २७ मध्ये एक रेघ ओढून दिली आहे: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. ती रेघ प्रत्यक्षात किती पाळली जाते, हा वेगळा विषय. पण निदान ती कागदावर आहे. गाव, भावकी आणि घर यांच्यासाठी असे कोणतेही कलम नाही. ते आपले आपणच लिहायचे असते.

आणि तेथे भीड आडवी येते. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, परंतु भिडस्त माणसाचे कौतुकही आपणच करतो. स्पष्ट 'नाही' म्हणणाऱ्याच्या नावावर नन्नाचा पाढा लागतो. त्यामुळे आपल्याकडे नकाराचे एक लाघवी रूप तयार झाले आहे. ते म्हणजे 'बघू'. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या शब्दाचा खरोखर अभ्यास करावा! बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ 'बहुधा नाही' असा असतो; ऐकणारा तो 'हो' असा घेऊन उठतो. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री दोन्ही अर्थ समोरासमोर येतात आणि मग जावेच लागते, वर मनात अढी राहते ती वेगळीच.

शेती असणाऱ्यांना विरळणी ठाऊक आहे. रब्बी ज्वारी पेरताना दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर राखावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. तिफणीतून पडणारे बी काही मोजून पडत नाही; ते दाट उगवते. मग उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी पहिली विरळणी करायची. उपटलेली रोपे रोगट असतात असे नव्हे. पुष्कळदा ती शेजारच्या रोपाइतकीच हिरवीगार असतात, आणि नवख्या माणसाचा हात तेथेच थबकतो. पण एका हेक्टरात या अंतराने सुमारे दीड लाख ताटेच मावतात. त्याहून जास्त ठेवली तर कणसे बारीक राहतात. विरळणी वेळेवर झाली तर रोप नखाच्या चिमटीत अलगद येते. उशीर झाला की मुळे एकमेकांत गुंततात, आणि एक उपटताना शेजारचेही हलते. नकाराचेही मला असेच दिसले. पहिल्या दिवशी दिलेला नकार दोन वाक्यांत संपतो. समितीची पावतीपुस्तके छापून झाल्यावर दिला, तर चार माणसांची व्यवस्था कोलमडते.

मुक्त विद्यापीठातून एम.ए. करायचे ठरवले, त्या वर्षी मी सप्ताहाच्या खजिनदारपदाला बैठकीतच नाही म्हणालो. आठ वर्षे ते काम माझ्याकडे होते. कारण म्हणून तब्येत पुढे केली नाही. 'मला अभ्यास करायचा आहे' एवढेच सांगितले. पन्नाशीला आलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे काहींना हसू आले. चुलतभावाने मात्र ते मनाला लावून घेतले. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याचे बोलावणे आम्हांला शेजाऱ्यामार्फत आले. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण मर्यादा घातली की सारे आनंदाने समजून घेतात, असे सांगणारी पुस्तके बाजारात बरीच आहेत. त्या पुस्तकांच्या लेखकांना भावकी नसावी.

अर्जांसाठी रविवारची सकाळ ठरवली. दवाखाना, मर्तिक आणि ऊसतोडीचा कागद यांना वार नाही. रात्री-अपरात्री कोणाला अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असले तर जायचे. बाकी रोज संध्याकाळी सात ते नऊ दार बंद.

हा नियम मी घरात सांगितला, त्याच रात्री पत्नीने विचारले, "दार तुम्ही बंद करणार. ते वाजलं की उठायचं कोणी?" या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो माझा नाही. घरातील एकाची सवड पुष्कळदा दुसऱ्याच्या वाटणीतून निघते. पुरुष 'अभ्यासाला बसतो' तेव्हा घर आवाज कमी करते. स्त्री पुस्तक घेऊन बसली की तिला हमखास कोणी तरी चहा मागतो. तुमच्यापैकी अनेक जणी हे वाचताना एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून असतील. आमच्याकडे तोडगा असा निघाला की, सातच्या आत आलेल्यांशी मीच बोलायचे आणि नकार मीच द्यायचा. नऊनंतरची भांडी आणि दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे माझ्याकडे. तिला त्या वेळात भजनी मंडळात जाता येऊ लागले. तिथे ती माझ्याहून नेमाने जाते.

मर्यादा घालणारा माणूस माणूसघाणा असतो, असा एक समज आहे. तो समज तपासायचा तर जी. ए. कुलकर्णी आठवावेत. धारवाडला इंग्रजी शिकवणारा हा कथाकार सभा, सत्कार, व्यासपीठे यांपासून कटाक्षाने दूर राहिला. त्याच माणसाने मित्रांना आणि वाचकांना लिहिलेली पत्रे इतकी आहेत की, त्यांचे खंडच्या खंड निघाले. ज्याला लोक नकोत तो अशी पत्रे लिहीत नाही. स्वतःला कोठे आणि कसे द्यायचे, एवढे त्यांनी स्वतःच्या हाती ठेवले होते.

राहिले ते आईचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. आमच्याच जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यांत आहेत. तो संग्रह अभ्यासक्रमाच्या निमित्ताने समजला, आणि आपल्या घरातही हे धन आहे, हे प्रकर्षाने जाणवले. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. वही घेऊन तिच्यासमोर बसलो, "आई, ओव्या सांग," म्हणालो, तर तिला एकही आठवेना. "आरं, आशा मागून येत्यात व्हय?" म्हणाली.

ओव्या येत त्या ती ज्वारी निवडायला बसली की. सुपातील खडे बाजूला सारता सारता, मध्येच. एखाद्या संध्याकाळी चार, तर कधी सलग आठवडाभर एकही नाही. मी नुसता शेजारी बसून असे. घड्याळ पाहिले की तिच्या लगेच लक्षात येई: "तुला जायचंय वाटतं कुटं." मग ती गप्प. सात ते नऊ यांतला पहिला तास अभ्यासाचा आणि दुसरा कशाचाच नाही, असे मी पुढे ठरवून टाकले. त्या कशाचाच नसलेल्या तासात, पावणेतीन वर्षांत, ३१२ ओव्या वहीत उतरल्या. माहेरावरच्या सर्वांत जास्त आहेत. एक रेल्वेवरची आहे, तिच्या भावाला नेणाऱ्या गाडीची.

आता तिला ऐकू कमी येते आणि निवडायला दाणे दिसत नाहीत, तरी सूप मांडीवर घेऊन बसते. तिसरी वही निम्मी कोरी आहे. रविवारी सकाळी ओसरीवर अजूनही दहा-बारा जण असतात. चुलतभाऊही परवा पीकविम्याचा अर्ज घेऊन आला होता, रांगेत बसला.