पावसाळ्यातले मच्छे आणि मनाचे मांद्य

बेळगावहून खानापूरच्या वाटेने निघाले, की शहराची दाटी सरते न सरते तोच पिरनवाडी लागते आणि तिच्या पलीकडे मच्छे. अंतर म्हणाल तर आठ-दहा किलोमीटरांचे. हाच रस्ता पुढे अनमोडचा घाट उतरून गोव्यात जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीच्या या पठारावर आषाढ-श्रावणात यावे. राजहंसगडाचा माथा ढगात बुडालेला असतो, भातखाचरे काठोकाठ भरलेली असतात आणि चिखलात पाय रोवून बायाबापड्या रोप लावीत असतात. घाटमाथ्यावर कणकुंबी-जांबोटीला कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सौंदत्तीपर्यंत पोहोचेतो पुष्कळसा सरलेला असतो. मच्छे या दोहोंच्या मध्ये, पण घाटाकडे झुकलेले. येथला पाऊस बरसून मोकळा होत नाही. तो दिवसच्या दिवस झिमझिमत राहतो. भिंतींना ओल येते, वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत आणि चार-चार दिवस सूर्यदर्शन घडत नाही.

या ओल्या दिवसांत गावात हिंडताना एक वाक्य आमच्या कानांवर वारंवार पडले: "काय करूच वाटंना." त्याच्याच जोडीला एक शब्द येई, "बेजार". प्रमाण मराठीत बेजार होणे म्हणजे त्रासून जाणे. पण कानडीत "बेजारु" म्हणजे कंटाळा, उदासी, मन न लागणे; आणि शेजारधर्माने तोच अर्थ या सीमाभागातल्या मराठीत उतरला आहे. "बेजार आलंय" असे एखादी सून म्हणते, तेव्हा ती त्रासाची तक्रार करीत नसते. मन बसल्याचे सांगत असते. घरातील वडीलधारी माणसे मात्र त्याला एकच नाव देतात: आळस.

हे नामकरण खरे आहे काय, हाच आमच्या पुढचा प्रश्न. कारण नाव चुकले, की उपाय चुकतो.

आयुर्वेदाने या बाबतीत फार सूक्ष्म विवेक केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात केवळ एकेका दोषापासून होणाऱ्या विकारांची गणना आहे: वाताचे ऐंशी, पित्ताचे चाळीस, कफाचे वीस. या यादीत आलस्य, तंद्रा, अतिनिद्रा आणि अंगाचे जडत्व ही मंडळी कफाच्या घरची. विषाद मात्र त्यांच्या पंक्तीला नाही. तो वाताच्या ऐंशीत बसविला आहे. म्हणजे सुस्ती आणि खचलेपणा ही दोन भावंडे नव्हेत, वेगवेगळ्या घरची माणसे आहेत, असे प्राचीन वैद्यांचे म्हणणे. गीतेच्या वाचकांस हा भेद नवा वाटू नये. चौदाव्या अध्यायात तमोगुणाबरोबर आलस्य आणि निद्रा येतात; पहिल्या अध्यायाला मात्र अर्जुनविषादयोग असे नाव आहे. तोंडाला कोरड पडलेला, गात्रे गळालेला अर्जुन आळशी होता, असे कोण म्हणेल?

घरात ही दोन माणसे ओळखावी कशी? कफाने जड झालेला मनुष्य भरपूर झोपतो, तरी ताजातवाना होत नाही; जेवणानंतर त्याला अधिक सुस्ती येते; पण एकदा बळे उठवून शेताच्या बांधावरून फिरवून आणला, की त्याला बरे वाटते. विषादाने ग्रासलेल्याची गोष्ट उलटी. त्याची झोप पहाटेच्या आधीच मोडते, अन्न गोड लागत नाही, कोठा जड होतो, मन त्याच त्या काळजीभोवती घिरट्या घालते आणि तो स्वतःलाच दोष देत बसतो. अर्थात प्रत्यक्षातली माणसे ग्रंथातल्या कप्प्यांत नेमकी बसत नाहीत. पुष्कळांत दोहोंची सरमिसळ असते.

उपायही त्यामुळे परस्परविरुद्ध येतात. जडत्वाला हलके अन्न, पहाटेचे उठणे, व्यायाम, अंगाला कोरडे उटणे आणि दुपारच्या झोपेस मनाई. विषादाला ऊन जेवण, तेलाचे अभ्यंग, विश्रांती आणि धीर. खचलेल्या माणसाला "उपास कर, उठ, कामाला लाग" असे दटावले, म्हणजे कफाचे औषध वाताला दिले. उपासाने आणि धाकाने वात वाढतोच. चरकाने श्रेष्ठ गोष्टींची जी यादी दिली आहे, तीत रोग वाढविणाऱ्यांमध्ये अग्रस्थान विषादाला आहे. त्यात घरच्यांनी आपल्या जिभेने भर घालू नये.

आता ऋतूचा विचार. वर्षाऋतूत जठराग्नी मंदावतो आणि वात प्रकुपित होतो, असे ऋतुचर्या सांगते. म्हणून जुने धान्य, उकळून निवविलेले पाणी आणि पचायला हलके जेवण घ्यावे. दिवसा झोपू नये. मच्छे परिसरातील जुन्या स्वयंपाकघरांनी हे शास्त्र न वाचताच पाळलेले दिसते. नव्या तांदळाचा भात जड, म्हणून वर्षभर मुरलेला तांदूळ पावसाळ्यासाठी राखून ठेवायचा. चुलीवर हुलग्याचे माडगे शिजवायचे, त्याला लसूण, जिरे नि मिऱ्याची चव द्यायची. ऊन भाकरीवर तुपाची धार सोडायची. असे ऊन माडगे पोटात गेले, की अंगाला तरतरी येते. त्याने विषाद बरा होतो असे आम्ही म्हणणार नाही. पण मंदावलेल्या अग्नीला फुंकर मिळते, यात शंका नाही.

पश्चिमेकडील शास्त्रज्ञांनाही प्रकाशाचा आणि मनाचा संबंध पटला आहे. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ऋतुमानाने येणाऱ्या उदासीनतेचे वर्णन केले आणि प्रखर प्रकाशाचा उपचार सुचविला. तो विकार मुख्यतः उत्तरेकडील दीर्घ हिवाळ्याचा. आमच्या पावसाळ्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही परदेशी असलेल्या आमच्या मुलाबाळांनी आणि येथे असलेल्या आम्ही सर्वांनीच ध्यानात ठेवावे, की उघडीप मिळताच सकाळी अंगणात येणे हे मनाचेही पथ्य आहे.

मच्छेचे दुसरे रूप औद्योगिक वसाहतीचे. शेताच्या बांधाला लागून कारखाने उभे आहेत आणि पाळी सुटली, की सायकली-मोटारसायकलींची रांग लागते. जवळच १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे आवार आहे. म्हणजे रात्रपाळीचे कामगार आणि अभ्यासासाठी जागणारे विद्यार्थी, असे दोन्ही निशाचर येथे नांदतात. रात्रीचे जागरण रूक्षता वाढविते, दिवसाची झोप जडत्व आणते. या कात्रीत सापडलेल्यांसाठी वाग्भटाने अष्टांगहृदयात मोठी व्यवहारी सूचना केली आहे. जितके जागरण झाले, त्याच्या निम्मी झोप सकाळी, जेवणापूर्वी घ्यावी. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा वैद्य जणू रात्रपाळीच्या कामगारांशीच बोलत आहे!

औषधांविषयी मात्र सावधपणे लिहावयास हवे. बेळगावच्या बाजारात "ब्राह्मी" मागितली, तर काय मिळेल ते सांगता येत नाही. खरी ब्राह्मी बारीक मांसल पानांची, पाणथळीत वाढणारी. कानडी घरांत चटणीला आणि तंबळीला वापरतात ती गोल पानांची "ओंदेलग" निराळी, ती मंडूकपर्णी. दोन्ही मेध्य मानल्या असल्या, तरी वनस्पती दोन आहेत. अश्वगंधेचा ताण आणि निद्रानाश यांवर उपयोग होतो, असे काही लहान, अल्पकालीन अभ्यासांत दिसून आले आहे. परंतु गर्भवतींनी ती घेऊ नये, थायरॉइडच्या रुग्णांनी विचारल्याविना घेऊ नये, आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. शेजारणीला गुण आला म्हणून आपण डबी आणणे, हा आयुर्वेद नव्हे. या शास्त्राचा पायाच मुळी प्रकृती पाहून औषध देणे हा आहे. बेळगावच्या शहापुरात १९३३ पासून चालत आलेले केएलई संस्थेचे कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे. शिकलेला वैद्य या भागात दुर्मीळ नाही. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, हे वेगळे सांगावयास नको.

आणखी एक. सुस्तीमागे कित्येकदा रक्तक्षय, थायरॉइडचे मांद्य किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव दडलेली असते. पांडुरोगात शक्तिपात आणि ग्लानी येते, हे प्राचीन वैद्यही जाणत होते. रोपलावणीच्या दिवसांत वाकून वाकून थकलेल्या बाईला आळशी ठरविण्यापूर्वी एकदा तिचे रक्त तपासून घ्यावे, हे अधिक शहाणपणाचे.

चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. तिसऱ्याचा अर्थ अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. मनाच्या व्याधीवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी ही औषधे त्याने सांगितली. आजच्या समुपदेशनाचे बीज येथे दिसते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु धैर्य हे औषध दुसऱ्याने द्यावे लागते. खचलेला मनुष्य ते स्वतःच्या हाताने घेऊ शकत नाही.

म्हणून, वाचकहो, घरात कुणाचे मन दोन आठवडे सतत खिन्न राहिले, त्याची झोप आणि अन्न तुटले, तर काढ्यांवर दिवस घालवू नयेत. "जगण्यात अर्थ नाही" असे शब्द ओठांवर आले, तर एक दिवसही थांबू नये. मच्छेपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरांवर धारवाडला मानसिक आरोग्याची शासकीय संस्था आहे. तेथील मनोरुग्णालयाची परंपरा १८४५ पर्यंत मागे जाते. शिवाय २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा विनामूल्य मिळते. तेथे जाण्यात किंवा बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

भाद्रपद सरला, की या पठारावर ऊन पडते, खाचरांतले भात निसवू लागते आणि पुष्कळांचे बेजारपण आपसूक ओसरते. ज्यांचे ओसरत नाही, त्यांच्याकडे घराने लक्ष पुरवावे. पाऊस सरूनही ज्याच्या मनातले मळभ हटत नाही, तो आळशी नव्हे, आजारी आहे. आणि आजारी माणसाला आपण बोल लावीत नाही, त्याच्या उशाशी बसतो.