पारस वेगळं, नीस वेगळं?

आमच्या घरातल्या तीन कागदांवर माझे बाबा तीन वेगवेगळे गृहस्थ आहेत. सर्व्हिस बुकात ते ‘परासनिस’ आहेत. बँकेच्या पासबुकात ‘पारस नीस’, म्हणजे पारस हे नाव आणि नीस हे आडनाव. आणि आधार कार्डावर ‘पारसनिश’. बाबा होते तोवर आम्ही यावर हसायचो. ते गेले आणि आईची फॅमिली पेन्शन याच तीन कागदांपाशी सात महिने अडून राहिली.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. खिडकीपलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, “मैडम, साबित करना पड़ेगा कि ये तीनों एक ही आदमी हैं.” चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस एकच होता, हे आईने सिद्ध करायचं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर ती काही बोलली नाही. कुकर लावला, देवापाशी दिवा लावला आणि मग म्हणाली, “तुझ्या काकाचंच बरोबर होतं.”

काका बंगळूरला असतो. त्याने दहा-बारा वर्षांपूर्वी आडनाव कापून नुसतं ‘पारस’ केलं. कंपनीत, पासपोर्टवर, मुलांच्या शाळेत, सगळीकडे. बाबांना ते इतकं लागलं होतं की पुढची दोन वर्षं ते त्याच्याशी फोनवर फक्त तब्येतीपुरतं बोलत. आणि आता आईच म्हणत होती की काकाचं बरोबर होतं. घरात त्याच सुमारास दुसरीही एक गोष्ट चालू होती. माझ्या बायकोला सातवा महिना लागला होता. “बाळाच्या नावापुढे तरी सोपं काहीतरी लाव,” आई म्हणाली.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. जुळत नसलेल्या नोंदी जुळवणं हे माझं पोटापाण्याचंच काम. पण कुठलीही जुनी फाईल पुसण्याआधी ती तिथे का ठेवली होती हे पाहायचं, एवढं आमच्या धंद्यात शिकवतात. आडनावाचा अर्थ मला लहानपणापासून एका वाक्यात ठाऊक होता: “आपण फारसी लिहिणारे.” त्यापलीकडे मी कधी गेलो नव्हतो.

‘नीस’ म्हणजे ‘नवीस’, लिहिणारा. हा फारसी शब्द मराठी दफ्तरात आला आणि घासून घासून लहान झाला. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा चिटणीस, जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस, पागेच्या नोंदी ठेवणारा पागनीस, कारखान्यांचे कागद सांभाळणारा कारखानीस. नागपूरकडच्या मंडळींनी मूळ शब्द जास्त जपला. तिकडे चिटणवीस आणि फडणवीस पूर्ण म्हणतात, पुण्याकडे त्याचे चिटणीस-फडणीस झाले. आमच्यातला ‘पारस’ हा परीस नव्हे, हे इथल्या मित्रांना मला दर वेळी सांगावं लागतं. कोणी जैन समजतं, कोणी पारशी. पारशी समजणारे अर्थाच्या जास्त जवळ जातात, कारण शब्द तोच आहे. मूळ इराणी नाव पार्स. अरबीत ‘प’ नाही, म्हणून त्याचं फार्स झालं आणि भाषा फारसी झाली. आमच्या आडनावात मात्र तो जुना ‘प’ तसाच बसून राहिला आहे.

आता आडनाव दुर्मीळ का, याचं उत्तर मला एका साध्या हिशेबात सापडलं. कुलकर्णी गावोगाव होता. गाव तिथे पाटील, गाव तिथे कुलकर्णी. म्हणून आज आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीत कुलकर्ण्यांचा वेगळा कप्पा करावा लागतो. पण परमुलखाशी फारसीत पत्रव्यवहार करणारा माणूस गावाला काय करायचा? तो लागे दरबाराला, आणि दरबाराला तरी असे किती लागणार? एखादा मुख्य, त्याच्या हाताखाली दोन-चार. जिथे कामच थोडं, तिथे आडनावही थोडं. आणि जे थोडे पारसनीस आहेत ते एकमेकांचे भाऊबंद असतीलच असंही नाही. आडनाव रक्तावरून नाही, हुद्द्यावरून पडलेलं. नाना फडणवीसांचं घराणं मुळात भानू. आपल्या बुंदेलखंडात ज्यांचं नाव झालं ते गोविंदपंत बुंदेले मुळात खेर. हुद्दा किंवा मुलूख एकदा नावाला चिकटला की मूळ आडनाव मागे पडे. आमचं मूळ आडनाव कोणतं, हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं की ते म्हणायचे, “ज्याने कागद लिहिले त्याने तेवढंच लिहून ठेवलं नाही बघ.”

हे काम नुसतं भाषांतराचं नव्हतं. दिल्लीचा बादशहा, हैदराबादचा निजाम, अवधचा नवाब, आणि पुढे कंपनीचे साहेबसुद्धा फारसीतच लिहीत. कोणाला कोणते किताब लावायचे याचे ठरलेले रिवाज होते. एखादा किताब कमी पडला तर तो अपमान, जास्त पडला तर आपली पायरी खाली. पत्र भरजरी थैलीत घालून पाठवत. ती थैली म्हणजे खलिता, आणि पुढे मराठीत पत्रालाच खलिता म्हणू लागले. घाईचं फारसी लिहिण्याच्या वळणाला शिकस्ता म्हणतात, म्हणजे मोडलेलं. इकडे आपली मोडीही हात न उचलता पळणारी. दोन्ही पळती अक्षरं एकाच माणसाच्या हातात असणार. मला इंग्रजीचा की-बोर्ड मराठीवर बदलताना दर वेळी एक बटण चुकतं.

यातला विरोधाभास मला फार आवडतो. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. धोरण म्हणून ते किती मोठं होतं! पण त्याच महाराजांचं औरंगजेबाला जिझियाबद्दल गेलेलं प्रसिद्ध पत्र फारसीत आहे आणि ते लिहिणारे नीलप्रभू मुन्शी. समोरच्याला सुनवायचं तर त्याच्या भाषेत सुनवावं लागतं. आणि कोशातले अमात्य-सचिव पुस्तकात राहिले, मुजुमदार मात्र आजही आमच्या कॉलनीत तिसऱ्या गल्लीत राहतात.

मग हे काम संपलं. कंपनी सरकारने १८३७च्या कायद्याने फारसीला कचेऱ्यांतून बाहेर काढण्याचा रस्ता मोकळा केला. आमच्या भोपाळ रियासतीतही पुढे सिकंदर बेगमांच्या काळात फारसीची जागा उर्दूने घेतली. नोकरी गेली, आडनाव राहिलं. आमच्या घरात तर फारसीचं एक अक्षरही उरलं नाही. आजोबा ग्वाल्हेरला मध्यभारत सरकारात कारकून होते. त्या राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी फिरायची. १ नोव्हेंबर १९५६ला नवीन मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरलं, आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूरकडून फायली आणि फायली लिहिणारे असे दोन्ही इथे आले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा त्याच सुमारास एक ट्रंक आणि एक होल्डॉल घेऊन उतरले असतील. आजोबांनी जन्मभर हिंदीत नोटिंग लिहिलं. अक्षर असं की त्यांची फाईल साहेब मुद्दाम मागवत. म्हणजे फारसी सुटली पण लिहिणं सुटलं नव्हतं.

शाळेत माझं आडनाव पहिल्यांदा नीट उच्चारलं ते हिंदीच्या सरांनी. हजेरीत थांबले आणि म्हणाले, “पारसनीस? वही, झाँसी की रानी वाले?” मला काही कळलं नाही. ते दत्तात्रय बळवंत पारसनिसांबद्दल बोलत होते. साताऱ्याचे हे इतिहासकार (१८७०–१९२६). त्यांनी १८९४ साली मराठीत राणी लक्ष्मीबाईंचं चरित्र लिहिलं. वृंदावनलाल वर्मांनी आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख केला आहे, तोही वाद घालण्यासाठी: राणी मनापासून स्वराज्यासाठी लढली की परिस्थितीने तिला लढावं लागलं? त्यामुळे हिंदी शिकलेल्या जुन्या माणसांना हे नाव ठाऊक असतं. आमचं त्यांच्याशी काही नातं नाही, निदान आम्हाला सापडलेलं नाही. पण वर्गात त्या वर्षापुरता माझा भाव वधारला हे खरं. पुढे कळलं की नाना फडणवीसांचं मेणवलीचं दफ्तर त्यांनी मिळवलं होतं, आणि त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. एका फडणिसाचे कागद एका पारसनिसाने सांभाळावेत, हे मला फार बरं वाटलं.

तर, पेन्शनसाठी शपथपत्र करायचं ठरलं. आई आणि मी कचेरीबाहेर गेलो. झाडाखाली टेबलं, त्यावर टाइपरायटर, आता काहींकडे लॅपटॉप. पहिल्याने आडनाव ऐकून ‘पारसनाथ’ टाईप केलं. दुसऱ्याने “स्पेलिंग आप ही लिख दीजिए” म्हणून कागद पुढे सरकवला. तिसरे एक म्हातारे गृहस्थ होते, जाड चष्मा, पांढरी टोपी. त्यांनी आडनाव एकदाच ऐकलं, मान वर केली आणि म्हणाले, “फ़ारसी-नवीस! अरे मियाँ, आप तो हमारी बिरादरी के निकले.” मी बघतच राहिलो. त्यांनी टेबलावरची पाटी दाखवली. हिंदीत लिहिलं होतं: अर्जीनवीस.

मी तो शब्द शंभर वेळा वाचला असेन. त्यातला ‘नवीस’ मला कधी दिसला नव्हता. अर्ज लिहिणारा तो अर्जीनवीस. चिटणीस, फडणीस, आम्ही आणि हे काका, सगळे एकाच दफ्तरातले. फरक इतकाच, की त्यांचं काम अजून चालू होतं.

त्यांनी उर्दू लिपीत आमचं नाव एका रद्दी कागदावर उजवीकडून डावीकडे लिहून दाखवलं. आईने तो कागद पर्समध्ये घडी करून ठेवला. मग शपथपत्र टाईप केलं, तीनही रूपं ओळीने घालून, आणि खाली: ही सर्व नावं माझ्या दिवंगत पतीची, एकाच व्यक्तीची. आईला वाचून दाखवलं. “ठीक है, अम्मा?” आई म्हणाली, “जी.” सही करताना तिने पूर्ण आडनाव लिहिलं. एरवी ती नुसती आद्याक्षरं करते.

शपथपत्राने काम लगेच झालं असं नाही. आणखी दोन फेऱ्या, एक वारस प्रमाणपत्र, एक नोटरी. पण झालं.

त्यानंतर एका रविवारी मी आईला आणि बायकोला गाडीत घालून दोराह्याला नेलं. जेमतेम तासाभराचा रस्ता. डिसेंबर १७३७मध्ये बाजीरावांनी निजामाला इथेच, भोपाळात, कोंडलं होतं आणि ७ जानेवारी १७३८ला दोराह्याच्या सराईत तह झाला. माळवा आणि नर्मदा ते चंबळपर्यंतचा मुलूख, शिवाय लढाईच्या खर्चाचे ५० लाख रुपये, हे निजामाने कबूल केलं. निजामाचा दरबार फारसीत लिहिणारा. मराठ्यांच्या बाजूला तो कागद वाचून “बरोबर आहे” म्हणणारा कोणीतरी उभा असणारच. आमचा पूर्वज होता असं मी मुळीच म्हणत नाही. आईने गाडीतून उतरून इकडेतिकडे पाहिलं, चहाच्या टपरीवर पोहे खाल्ले आणि विचारलं, “इतका मोठा तह, आणि एकाही नावात चूक नसेल का रे?”

लेक फेब्रुवारीत झाली. जन्माच्या नोंदीचा फॉर्म मी घरी आणला तेव्हा आई बाळाला तेल लावत होती. मी विचारलं, “काय लिहू? पारस?” तिने वर न पाहताच म्हटलं, “काकाला त्याचं करू दे. तू नीट लिही. दीर्घ नी.”

खिडकीवर मुलगी बसली होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिने टाईप करता करता विचारलं, “सर, पारस अलग, नीस अलग?”

“नहीं, जोड़कर,” मी म्हटलं, आणि एकेक अक्षर सांगत स्क्रीनवर ते उमटेपर्यंत तिथेच वाकून उभा राहिलो.