दोरीखालचा चेंडू

गोल्फमधलं पटिंग शिकायला येणारे बहुतेक जण हाताची तक्रार घेऊन येतात. मनगट वळतं, खांदा उचलला जातो, चार फुटांवरूनसुद्धा हात थरथरतो. मी त्यांना आधी एकही पट मारू देत नाही. सपाट जागी, दहा फुटांवरून होलवर नेम धरून चेंडूमागे पटर ठेवायला सांगते आणि सुताराचा गुण्या पटरच्या फेसला, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूला, लावते. गुण्याची एक बाजू फेसला टेकली की दुसरी बाजू फेस नेमका कुठे बघतोय ते दाखवते. पटर मी धरून ठेवते आणि म्हणते, "आता मागे येऊन बघा." गुण्या होलच्या चार बोटं डावीकडे रोखलेला असतो, नाहीतर उजवीकडे. समोरचा माणूस छातीठोकपणे सांगतो की नेम होलच्या मधोमध धरला होता. तो खरंच बोलत असतो. त्याच्या डोळ्यांना ते तसंच दिसत होतं.

कॅरम खेळताना आपण स्ट्रायकरच्या मागे बसतो, नजर आणि नेम एकाच रेषेत असतात. पटिंगमध्ये ही सोय नाही. रेषेला समांतर उभं राहायचं, मान खाली घालायची आणि ती आडवी वळवून होलकडे बघायचं. डोळे चेंडूच्या बरोब्बर वर नसले, पायांच्या बाजूला थोडे आत किंवा पलीकडे गेले, की सरळ रेषा तिरकी दिसू लागते. त्यात माणसाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो. आणि खेळात चुकीला जागा किती? होलचा व्यास 4.25 इंच, 1891 पासून ठरलेला. दहा फुटांवरून चेंडू एका अंशानं वाकडा निघाला तर होलपाशी तो मध्यापासून दोन इंचांहून थोडा जास्त सरकलेला असतो, म्हणजे नेमका काठावर. वीस फुटांवरून तोच एक अंश चेंडूला होलच्या बाहेरून नेतो.

चेंडू कोणत्या दिशेनं निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी फेस कुठे बघतोय यावर ठरतं. पटर कोणत्या मार्गानं आला याचा वाटा त्या मानानं लहान. हे अनेकांना पटत नाही, कारण शिकवणारे आणि शिकणारे दोघंही स्ट्रोकच्या मार्गावर जीव तोडून काम करत असतात.

इतक्या वर्षांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की वाकडा नेम एकटा राहत नाही. जो माणूस सतत उजवीकडे नेम धरतो त्याचा चेंडू सतत उजवीकडे गेला असता तर त्यानं नेम कधीच सुधारला असता. पण त्याचे हात हुशार असतात. ते नकळत फेस थोडा मिटतात आणि चेंडू डावीकडे ओढून होलकडे नेतात. नेमातली चूक आणि हातातली चूक एकमेकींना सांभाळून घेतात, वर्षानुवर्षं. शांत सकाळी हा संसार छान चालतो. सामन्यात शेवटच्या होलवर छाती धडधडू लागली की हातांचा हिशेब बिघडतो. म्हणून मी कोणाचा स्ट्रोक आधी दुरुस्त करायला तयार नसते. आणि नेम दुरुस्त केला की पुढचे काही दिवस पट जास्त चुकतात, हे आधीच सांगून ठेवते. नेम सरळ झालेला असतो, पण हात अजून जुनी ओढ देत असतात. याच टप्प्यावर बरेच जण नेम सुधारायला घेतलेलं साधन फेकून देतात आणि नवा पटर विकत घेतात.

साधनांनी बाजार भरलेला आहे: आरसे, लेझर, रेघा आखलेल्या चटया. आरसा वाईट नाही. जमिनीवर ठेवून त्यात आपले डोळे चेंडूच्या रेषेवर येतात का ते बघता येतं. पण माझं प्रेम दोरीवर आहे. गवंडी वापरतो ती पातळ दोरी, दोन खुंट्या आणि रेघ मारायला थोडी खडूची पूड. आधी ग्रीनवर खरोखर सरळ पट शोधावा लागतो, आणि हेच काम लोक टाळतात. उताराच्या अगदी तोंडाशी जाणारी किंवा त्याच्या पाठीवरून येणारी रेषा हवी. मी पाणसळ लावून बघते, मग वरून आणि खालून चेंडू सोडून खात्री करते. जरासा आडवा उतार राहिला की साधन शिकणाऱ्याला खोटं सांगू लागतं. त्यापेक्षा साधन नसलेलं बरं.

सरळ रेषा मिळाली की खडूची रेघ मारते आणि तिच्या बरोबर वर, वीतभर उंचीवर, दोरी ताणते. चेंडू रेघेवर, दोरीच्या खाली. आता शिकणाऱ्यानं खाली बघायचं. डोळे रेषेच्या थेट वर असतील तर दोरी आणि रेघ एक होतात. डोळे पायांकडे आत असतील तर दोरी रेघेच्या पलीकडे पडलेली दिसते, बाहेर गेले असतील तर अलीकडे. मला तोंडानं काही सांगावं लागत नाही. लहान मुलं तर अर्ध्या मिनिटात मान हलवून जागा शोधतात आणि ओरडतात, "ताई, एकच झाली!" त्यानंतर मी त्यांना होलकडे बघायला सांगते, दोरीवरून नजर सरकवत. सरळ रेषा आपल्या जागेवरून कशी दिसते हे डोळ्यांनी साठवून ठेवायचं असतं. पट मारणं त्याच्या नंतर.

दोरीनं नेम कळतो, चेंडू खरंच त्या दिशेनं निघाला का हे मात्र फाटक सांगतं. दोन टी चेंडूपुढे 30 सेंटिमीटरवर रोवायच्या, मधली जागा 50 मिलिमीटर. चेंडू 42.67 मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरच्या आसपास मोकळीक. न घासता पार झालेला चेंडू पाऊण अंशाच्या आत आहे, आणि वेग बरोबर असेल तर दहा फुटांवरचा सरळ पट पडणारच. वाकड्या पटलाही हेच फाटक चालतं, कारण ब्रेक, म्हणजे उतारामुळे येणारं वळण, कितीही असला तरी चेंडू सुरुवातीला कुठेतरी सरळच निघतो. फाटक त्या पहिल्या फुटावर लावायचं आणि होल विसरायचं.

दिवाळीनंतर पुण्यात ग्रीनवर दव पडतं तेव्हा तर चेंडू स्वतःच आपली रेघ मागे सोडत जातो. त्या दिवसांत मी शिकवण्या उजाडताच ठेवते. दवात उमटलेल्या वाटेशी वाद घालता येत नाही.

पायांच्या बाबतीत मात्र मी दोरीचा हट्ट धरत नाही. बॉबी लॉकनं बंद स्टान्समधून, उजवा पाय मागे घेऊन पट मारत चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. जॅक निकलॉस उघड्या स्टान्समध्ये वाकून उभा राहायचा. पाय कुठेही असोत, फेस आणि नजर यांचं जमलेलं असलं की पुरे.

दोरी काढायची कधी, हा प्रश्न उरतो. राउंड सुरू झाला की नेमासाठी काहीही खाली ठेवायला नियमांची मनाई आहे. 2019 पासून तर खेळाडू स्टान्स घेऊ लागल्यावर कॅडीनं मागे रेषेत उभं राहून नेम तपासून देणंही बंद झालं. आमच्या काही जुन्या कॅडींना हे लागलं. मला तो नियम योग्य वाटतो, नेम धरणं हे खेळाडूचंच कसब आहे. म्हणून दोरीखाली आठ-दहा पट झाले की मी ती सोडते, तितकेच पट मोकळे मारून घेते आणि पुन्हा गुण्या लावून तपासते. सगळा तास दोरीखाली मारणाऱ्याला दोरीचीच सवय होते.

चेंडूवर रेघ काढणं नियमात बसतं, आणि पुष्कळांना त्याचा फायदा होतो. पण काही जण ती रेघ जुळवण्यात इतके गुंततात की वेगाचा अंदाज हरवून बसतात. वीस फुटांवरून वेग चुकला तर सरळ नेमाचाही उपयोग नसतो. अशांना मी लांबच्या पटसाठी चेंडू रेघेची बाजू खाली करून ठेवायला सांगते. सहा फुटांच्या आत आले की रेघ पुन्हा वर.